आठ तारांच्या क्रमाची कुळकथा

इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात. दोन-दोन तारा एकमेकींभोवती पिळून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. हा पीळ संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे आणि परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. त्यामुळे शेजारच्या तारायंत्राच्या खांबावरची टिकटिक आणि पुढे विजेच्या ट्रामची घरघर सरळ कानात येई. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्ये यावरच्या उपायाचे पेटंट घेतले. परतीसाठीही तार वापरायची आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळायच्या, असा तो उपाय होता. पिळामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. ऐकणारे यंत्र दोहोंतला फरक तेवढा घेते, म्हणून उपद्रव वजा होतो. आजच्या केबलमध्ये चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवलेला असतो, तो जोड्यांनी एकमेकींत बडबड करू नये म्हणून.

रंगही टेलिफोनचेच आहेत. शेकडो जोड्यांच्या जाड केबलमधून नेमकी जोडी ओळखता यावी म्हणून अमेरिकेच्या बेल कंपनीने रंगांची जी पद्धत बसवली, तिच्यातल्या पहिल्या चार जोड्या म्हणजे पांढऱ्यासोबत निळा, नारिंगी, हिरवा आणि तपकिरी. घरातल्या केबलला चारच जोड्या पुरतात, म्हणून यादी तिथे थांबली.

प्लगची गोष्ट जरा वेगळी आहे. अमेरिकेत टेलिफोन यंत्र कंपनीच्या मालकीचे असे आणि ते जोडायला कंपनीचाच माणूस येई. 1968 च्या कार्टरफोन निवाड्याने दुसऱ्याचे यंत्रही लाइनला जोडण्याची वाट मोकळी केली. पुढच्या दशकात वेस्टर्न इलेक्ट्रिकने घडवलेले छोटे पारदर्शक प्लग नियमात बसवले गेले आणि ग्राहक स्वतः यंत्र जोडू लागला. या प्लगमध्ये ना डाख द्यावा लागतो, ना तारेचे आवरण सोलावे लागते. क्रिम्पर म्हणजे प्लग दाबून बसवायची पकड दाबली की सोनेरी मुलाम्याची पाती आवरण भेदून तांब्यापर्यंत पोहोचतात. घरी केबल बनवणे शक्य झाले ते खरे तर या पात्यांमुळे. आठ संपर्कांच्या प्लगला सगळे आरजे-45 म्हणतात. ते नाव मुळात मोडेमसाठीच्या एका वेगळ्या जोडणीचे होते, पण ते आता कोणी सोडणार नाही.

इथरनेटला मात्र सुरुवातीला यातले काहीच नको होते. 1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते समाक्ष म्हणजे कोअॅक्स केबलवर उभारले. पुढे आलेल्या जाड पिवळ्या केबलला भोक पाडून यंत्र जोडत. त्यानंतरची बारीक केबल यंत्रा-यंत्रांतून ओवत नेत, आणि तिचा एक सांधा सैल झाला की सगळे जाळे बंद पडे. दरम्यान कचेऱ्यांच्या भिंतींत टेलिफोनच्या पिळलेल्या तारा आधीपासून होत्याच. एटी अँड टीच्या स्टारलॅनने आणि सिनऑप्टिक्सच्या लॅटिसनेटने त्यांचा फायदा घेतला. 1990 मध्ये 10बेस-टी हे मानक आले आणि प्रत्येक संगणकाला मध्यवर्ती हबपासून स्वतःची वेगळी केबल मिळाली.

केबल बनवणाऱ्याला पाठ करावा लागणारा विचित्र क्रम इथेच जन्मला. टेलिफोनची पहिली लाइन प्लगच्या मधल्या, म्हणजे 4 आणि 5 क्रमांकाच्या संपर्कांवर असते आणि दुसरी तिला कवेत घेऊन 3 आणि 6 वर. असेच बाहेर सरकत गेले तर शेवटची जोडी 1 आणि 8 वर, म्हणजे दोन टोकांना पडते, आणि वेगवान संदेशांसाठी एवढे अंतर बाधते. म्हणून 1-2 आणि 7-8 या जोड्या शेजारी-शेजारी बसवल्या. आतला भाग टेलिफोनच्या सोयीसाठी तसाच राहिला. 10बेस-टीने 1-2 आणि 3-6 एवढेच वापरले, मधले दोन फोनला मोकळे सोडले. 1991 च्या 568 या अमेरिकी मानकाने हाच साचा पक्का केला. त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार असून नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल एवढाच त्यांच्यात फरक आहे. बी हा एटी अँड टीच्या पद्धतीशी जुळणारा. त्यात पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा क्रम येतो.

हिरवी जोडी निळीने दुभंगलेली पाहून नवशिक्याला ती चूक वाटते. तो जोड्या सरळ ओळीने लावतो. दोन्ही टोके सारखी असल्याने साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, केबल मात्र नीट चालत नाही. कारण 3 आणि 6 वरच्या तारा आता वेगवेगळ्या जोड्यांतल्या असतात आणि बेलचा पीळ वाया जातो. दिव्यांच्या टेस्टरला हा दोष दिसत नाही. प्लगपाशी पीळ फार उलगडला तरी वेग घसरतो. कॅट-5 या दर्जाच्या केबलसाठी 13 मिलिमीटर ही मर्यादा आहे.

एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी लावले की क्रॉस केबल होते. दोन संगणक थेट जोडायला ती लागे. बहुतेक नव्या यंत्रांची पोर्टच ही अदलाबदल ओळखून करतात, त्यामुळे तिचे काम संपल्यासारखेच आहे. 1999 च्या गिगाबिट मानकाने चारही जोड्या वापरल्या, तेव्हा फोनसाठी राखलेली मधली जोडीही इथरनेटकडे आली. पुढे त्याच तारांतून कॅमेरे आणि वायफायच्या यंत्रांना वीजही जाऊ लागली. अशा कामाला तांब्याचा नुसता थर दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नये. तिचा रोध जास्त असतो आणि ती तापते.