मगरिबनंतरचा रेडिओ

१९९० च्या ऑगस्टमध्ये आमच्या राजिवड्याच्या घरात दिवस मगरिबला सुरू होई. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा अब्बा तिथेच होते. त्या दिवसांत रत्नागिरी-रायगडच्या किती घरांतला घास घशाखाली उतरत नव्हता, हे कोकणातल्या वाचकांना मी सांगायला नको. फोन बंद, पत्र बंद. उरला होता अब्बांनीच आधीच्या सुट्टीत आणलेला टू-इन-वन आणि बीबीसी उर्दूचे ‘सैरबीन’.

मी आठवीत होतो. काटा फिरवायचे काम माझ्याकडे. दिवसा मीडियम वेव्हवर रत्नागिरी आकाशवाणी खणखणीत लागे आणि बीबीसीच्या जागी नुसती खरखर असे. मगरिबची नमाज झाली की त्या खरखरीतून कुणी पाण्याखालून बोलावे तसा आवाज वर येई, बुडे, पुन्हा वर येई. इशाच्या सुमाराला तो स्थिर व्हायचा. मध्येच वीज चमकली की कडाड करून निम्मे वाक्य गिळायची. दादी म्हणायची, “रातचा वारा गप झाला की दूरचं ऐकू येतं.”

दादीचे म्हणणे रेडिओला लागू नव्हते. ऑगस्टचा वारा रात्रीही गप बसत नाही, पत्रे वाजवत राहतो, तरी बीबीसी लागायचेच. पण आवाजाच्या बाबतीत ती निम्मी बरोबर होती. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री भाट्याच्या समुद्राची गाज आमच्या अंगणात येते. दुपारी ती ऐकूही येत नाही. १८०० साली हम्बोल्ट हा जर्मन प्रवासी दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीच्या धबधब्यांजवळ होता. रात्री त्यांचा आवाज त्याला तिप्पट मोठा वाटला. रात्री शांतता असते म्हणून, असे कुणीही म्हटले असते. पण त्या जंगलात रात्री किड्यांचा गलका दिवसापेक्षा जास्त असतो, हे त्याने हेरले आणि कारण तापलेल्या जमिनीत शोधले. नेमका उलगडा १८७० च्या दशकात ऑस्बर्न रेनॉल्ड्सने केला. गरम हवेत आवाज जलद जातो. दिवसा जमिनीलगतची हवा गरम आणि वरची गार, म्हणून आवाजाची लाट वर वळते आणि आपल्या डोक्यावरून निघून जाते. रात्री जमीन आधी गार होते, वरची हवा त्या मानाने गरम राहते, आणि तीच लाट खाली वाकून दूरच्या कानापर्यंत पोहोचते.

रेडिओच्या लाटेला हवाच लागत नाही, मग तिला रात्र कशाला हवी? हा प्रश्न खुद्द मार्कोनीला पडला होता. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो ‘फिलाडेल्फिया’ जहाजातून अटलांटिक ओलांडत होता. इंग्लंडहून येणारे संदेश त्याला दिवसा सुमारे ७०० मैलांपर्यंत मिळाले, रात्री दीड हजार मैलांच्याही पुढे. त्याने तर्क केला की सूर्यप्रकाशामुळे पाठवणाऱ्या तारेचीच शक्ती कमी होत असावी. तर्क चुकला, पण त्याने दोन आकडे लिहून ठेवले, ते कामाला आले. त्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी वेगवेगळे सुचवले की आकाशात उंचावर वीज वाहून नेणारा एक थर असावा. १९२४ च्या डिसेंबरात अॅपलटन आणि बार्नेट यांनी बोर्नमथच्या बीबीसी केंद्राच्या लाटा ऑक्सफर्डला पकडून तो थर असल्याचे सिद्ध केले. आपल्याकडे कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच आयनांबरावर आयुष्य घातले. त्यांचा ग्रंथ १९४७ साली निघाला, अॅपलटनना नोबेल मिळाले त्याच वर्षी.

गोष्ट अशी. सूर्याचे किरण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. हा ‘डी’ थर. तिथे हवा अजून दाट असल्याने हे इलेक्ट्रॉन सारखे कणांवर आपटतात, आणि मीडियम वेव्हची शक्ती त्या धडकांत संपते. सूर्य गेला की थोड्याच वेळात हा थर विरतो. त्याच्या वरचे विरळ हवेतले थर मात्र रात्रभर टिकतात, आणि लाट त्यांच्यापर्यंत जाऊन परत खाली वळते. म्हणजे रात्र लाटेला बळ देत नाही. दिवस तिला वाटेत खातो.

आमचे बीबीसी लंडनहून थेट येत नव्हते, हे मला कॉलेजात कळले. ओमानच्या मसीरा बेटावर बीबीसीचे मोठे मीडियम वेव्ह प्रक्षेपण केंद्र होते. राजिवड्यातून पश्चिमेला समुद्र ओलांडला की सुमारे दीड हजार किलोमीटर. मसीराचा सूर्य आपल्यापेक्षा जवळपास तासभर उशिरा मावळतो. आमच्याकडे मगरिब व्हायची तेव्हा वाटेचा पलीकडचा भाग अजून उन्हात असे. संपूर्ण समुद्र अंधारात जायला इशा उजाडायची! दादीला हे सांगायचे राहून गेले.

इशाचीच आणखी एक आठवण इथे नोंदवतो. अकराव्या शतकात अंदलुसियातला काझी आणि गणिती इब्न मुआझ अल-जय्यानी याने संधिप्रकाश संपताना सूर्य क्षितिजाखाली सुमारे १९ अंश असतो, यावरून वातावरणाची उंची मोजली. उत्तर आले सुमारे ५२ मैल, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. ते ‘डी’ थराच्याच उंचीत पडते. हा निव्वळ योगायोग आहे. ‘सगळे आमच्याकडे आधीच होते’ म्हणणाऱ्यांनी कृपया हा परिच्छेद व्हॉट्सअॅपवर फिरवू नये. हा ग्रंथ तर कित्येक शतके इब्न अल-हैसमच्या नावावर खपत होता.

सैरबीनमध्ये अब्बांचे नाव येणार नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होते. जॉर्डनच्या वाळवंटातल्या छावण्या, पाण्याची टंचाई, अम्मानहून सुटलेली विमाने एवढेच यायचे. एअर इंडियाने त्या दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त माणसे आणली. त्यांत सप्टेंबरच्या अखेरीस अब्बा होते. मुंबईहून एसटीने आले, हातात एकच पिशवी. पोटभर जेवलेही नाहीत. इशा झाली तसा त्यांनी टू-इन-वन पुढे ओढला आणि मला बाजूला करून काटा स्वतः फिरवू लागले. त्यांच्या खोलीतले दोघे अजून तिकडेच होते.