दवाखाना कोणाच्या गावी?

तालुक्यास एकच दवाखाना मंजूर झाला, की तो कोणत्या गावी उभारावा हा प्रश्न आमच्या कचेरीत बहुधा शिफारसपत्रांच्या वजनावर सुटत असे. त्यामागे गणिताचा मोठा इतिहास आहे, हे आम्हांस निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले.

सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने कोडे घातले: तीन बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज किमान होईल असा चौथा बिंदू शोधावा. इटलीच्या तोरिचेल्लीने ते सोडविले. १९०९ साली आल्फ्रेड वेबर यांनी तोच विचार कारखान्यांच्या जागांना लावला.

सार्वजनिक सोयींच्या दृष्टीने महत्त्वाचा निबंध १९६४ चा. त्याचे लेखक एस. एल. हकीमी. (आडनावावरून वाटते तसे ते वैद्य नव्हेत, इराणात जन्मलेले, अमेरिकेत शिकविणारे विद्युत अभियंते.) दूरसंचार केंद्र व पोलीस चौकी यांच्या जागा शोधताना त्यांना एकाऐवजी दोन उत्तरे मिळाली. समजा, एका सरळ रस्त्यावर ४,००० वस्तीचे गाव आहे. तेथून १० किलोमीटरवर १,००० वस्तीचे दुसरे आणि ३० किलोमीटरवर ५०० वस्तीचे तिसरे. सर्वांची मिळून चाल किमान हवी, तर जागा पहिल्याच गावी; शेवटच्यांनी ३० किलोमीटर यावे. सर्वांत दूरच्याची चाल किमान हवी, तर जागा १५ व्या किलोमीटरवर, जेथे एकही घर नाही. शिवाय एकूण चाल जवळजवळ तिप्पट होते. गणित दोन्ही बिंदू अचूक दाखविते. त्यांतला न्याय्य कोणता, हे ते सांगत नाही.

१९७१ साली टोरेगास, स्वेन, रेव्हेल व बर्गमन यांनी प्रश्नच फिरवला: ठरावीक अंतरापलीकडे कोणीही राहू नये, तर कमीत कमी किती केंद्रे लागतील? हे उत्तर तिजोरीस झेपेलच असे नाही. म्हणून १९७४ साली चर्च व रेव्हेल यांनी केंद्रांची संख्या आधी बांधून घेतली आणि तेवढ्यांत अधिकाधिक लोक कसे सामावतील ते पाहिले. ‘अधिकाधिक’ म्हटले, की ते ५०० जण पुन्हा बाहेर राहू शकतात.

आपल्याकडे १९८० च्या दशकात निकष रूढ झाला तो लोकसंख्येचा: सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागांत २०,००० मागे. ही सवलत म्हणजे अंतराचीच कबुली, असे आम्ही मानतो. तथापि त्या ३०,००० मधले नेमके गाव कोणते, हे निकषात नसे. ती फाईल आमच्यासारख्यांच्या टेबलावर येई. आणि तिसाव्या किलोमीटरवरची माणसे शिफारसपत्र घेऊन कचेरीत आलेली आम्हांस तरी आठवत नाहीत.