भविष्यवाद्यांची मोटार

भविष्यवाद, म्हणजेच फ्यूचरिझम, हा आपल्या वर्गांत बहुधा दोन-तीन वाक्यांत उरकला जाणारा विषय आहे. मारिनेत्तीचा जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या 'ल फिगारो'त प्रसिद्ध झाला आणि त्यात वेगाचे स्तोत्र गायिले होते, एवढे सांगून आपण पुढे सरकतो. त्या वेगाचे पुढे काय झाले, हे पाहावयाचे असेल तर उत्तर इटलीतील ब्रेशिया येथे दरवर्षी भरणाऱ्या जुन्या मोटारींच्या मेळ्याकडे वळावे लागते.

मारिनेत्तीला धावती शर्यतीची मोटार लूव्रमधील सामोथ्रेसच्या विजयदेवतेहून सुंदर वाटत होती. संग्रहालये त्याच्या लेखी स्मशाने होती; ती उद्ध्वस्त करावीत, असे त्याचे आवाहन होते. पुढे १९२७ साली ब्रेशियाहून रोमला जाऊन परतणारी 'मिल्ले मिल्या', म्हणजे हजार मैलांची शर्यत सुरू झाली. सुमारे १६०० किलोमीटरचे हे अंतर, तेही सामान्य रहदारीच्या रस्त्यांवरून! पहिल्या विजेत्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे ७७ किलोमीटर होता. १९५५ साली स्टर्लिंग मॉसने तो १५७ वर नेला. मुसोलिनीच्या राजवटीला हा वेग राष्ट्रगौरवासाठी हवाच होता, आणि मारिनेत्तीही त्या राजवटीच्या बाजूने उभा होता.

१२ मे १९५७ रोजी गुइदिझ्झोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. चालक आल्फोन्सो दे पोर्तागो, त्याचा सहकारी आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नऊ जणांत पाच मुले होती. वेगाची ती शर्यत तेथेच संपली.

१९७७ साली तिचे पुनरुज्जीवन झाले, ते जुन्या मोटारींसाठी आणि निराळ्या नियमांनी. आता नेमून दिलेल्या वेळेशी सेकंदाच्या शतांशापर्यंत जुळवून घ्यावे लागते. लवकर पोहोचणे हाही दोषच ठरतो. ज्या यंत्राने संग्रहालये मोडावयाची होती, ते आज स्वतःच चालते-फिरते संग्रहालय झाले आहे.

या विसंगतीला हसणे सोपे आहे. पण बंडखोर वाङ्मयाचेही आपण हेच करतो, हे विसरता येत नाही. जाहीरनामा अभ्यासक्रमात येतो, त्यावर टिपा लिहून घेतल्या जातात, आणि त्यातील हिंसा शैलीचा एक विशेष म्हणून पचविली जाते. युद्ध हे जगाला शुद्ध करते, असेही त्याच जाहीरनाम्यात म्हटले होते. परीक्षेच्या उत्तरात ते वाक्य क्वचितच येते.

झळाळत्या लाल मोटारी पाहताना डोळे सुखावतात, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र गुइदिझ्झोलोजवळच्या रस्त्याकडेला त्या मृतांचे स्मारक आहे. वर्गात मारिनेत्ती शिकविताना या स्मारकाचाही उल्लेख व्हावा. सौंदर्यविचाराची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासाबाहेरचा नाही.