कार्डिनलांची भाची

कार्डिनल माझारिन ह्यांच्या सात भाच्यांविषयीं लिहितांना इतिहासकार बहुधा मांचिनी भगिनींच्या रूपाचें व दरबारांतील प्रकरणांचेंच वर्णन करितात. त्यांपैकीं एकीवर खुद्द चौदावा लुई राजा लुब्ध झाला होता. आना मारिया मार्तिनोत्सी हिची आठवण मात्र क्वचितच निघते.

ती १६३७ सालीं रोम शहरीं जन्मली. १६४७ त मामांनीं तिला फ्रान्सला आणविलें. हे मामा गुरुदीक्षा न घेतांच कार्डिनल झालेले व राज्याचे मुख्य प्रधान! १६५४ त त्यांनीं तिचा विवाह राजकुलांतील काँतीच्या प्रिन्सशीं लाविला. चारच वर्षांपूर्वीं ह्याच जांवयास त्यांनीं कैदेंत टाकिलें होतें. दरबारी सोयरिकी अशाच जुळत.

पुढें आलेचे बिशप पाव्हियों ह्यांच्या उपदेशानें प्रिन्सला पश्चात्ताप झाला. बिशपांचें सांगणें असें कीं, नुसता दानधर्म पुरेसा नाहीं. बंडाच्या वेळीं सैन्यानें ज्यांचें नुकसान केलें त्यांस भरपाई दिली पाहिजे. ती देण्यास प्रिन्सनें आरंभ केला. आना मारियेचें मनही एकोणिसाव्या वर्षीं ऐहिक वैभवांतून उठलें, असें तिच्या समाधिलेखांत म्हटलें आहे. पोर्त-रोयालच्या मंडळीशीं तिचा स्नेह होता, व त्या मंडळीचीं कांहीं मतें ख्रिस्तसभेनें त्याज्य ठरविलीं, हें येथें सांगणें अवश्य आहे. तथापि तिच्या कृतीला त्यामुळें उणेपणा येत नाहीं.

१६६१ त मामा वारले. त्यांनीं मागें ठेविलेली संपत्ति साडेतीन कोटि लिव्रच्या आसपास गणतात. राज्याच्या पैशांतून आपलें घर भरल्याचा ठपका त्यांजवर होताच. पुढच्याच सालच्या दुष्काळांत भाचीनें आपलीं रत्नें विकून बेरी, शांपान्य व पिकार्दी ह्या प्रांतांतील गरिबांस अन्न पुरविलें. शिवाय जें धन अन्यायानें मिळालेलें आहे असें तिला वाटलें, असें आठ लक्ष लिव्र तिनें परत केलें. हें दान नव्हे. रत्नें तिचीं होतीं, तीं तिनें दिलीं; हें धन आपलें नाहींच असें तिच्या सदसद्विवेकबुद्धीनें ठरविलें, म्हणून तें गेलें. मामांच्या कृपेनें वर चढलेल्या भाचीस हा हिशेब मांडणें किती जड गेलें असेल!

१६६६ त तिला वैधव्य आलें. दोघां मुलांस वाढवीत ती पॅरिस येथें राहिली व ४ फेब्रुवारी १६७२ रोजीं निवर्तली. सेंत आंद्रेच्या ज्या देवळांत तिची समाधि होती, तें राज्यक्रांतीनंतर पाडण्यांत आलें.