सुकाणूंचें ओझें

वऱ्हाडांतील बैलगाडीस वळणाची अडचण कधीं पडली नाहीं, कारण तिला चाकें दोनच. धुरकऱ्यानें एका अंगचा कासरा ओढला कीं बैल वळतात, बैलांबरोबर दांडी वळते आणि दांडीमागून साटा. खामगांवच्या बाजारांत कापूस आला तो असल्याच गाड्यांतून. पुढें सन १८७० मध्यें जलंबहून आठ मैलांचा लोहमार्ग आला व त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनें आले. तेव्हां गांवानें जें नवें वाहन पाहिलें त्यासही सुकाणूं नव्हतें. रुळांनीं न्यावें तिकडे आगगाडीनें जावें! गाडी वळविण्याचा भार माणसाच्या दंडावर येऊन पडला तो मोटारीबरोबर.

युरोपांत चारचाकी घोडागाडीचा पुढचा आंस सबंध फिरवीत असत. म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नांवाच्या कारागिरानें आंस स्थिर ठेवून दोन्ही चाकें निरनिराळ्या खिळांवर वळविण्याची युक्ति काढली, आणि तिचें पेटंट १८१८ सालीं लंडनमध्यें रुडॉल्फ ॲकरमन यानें घेतलें. या रचनेंत आंतलें चाक बाहेरच्यापेक्षां अधिक वळतें, म्हणून चाकें फरफटत नाहींत. रचनेस नांव मात्र चिकटलें तें पेटंट घेणाराचें. इतिहासाच्या अभ्यासकास यांत नवल वाटूं नये.

मोटारींत याच चाकांवर इंजिनाचें वजन आलें. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रकखात्यांत इंजिनिअर होता. अवजड ट्रक वळवितांना हांकणाराची काय दशा होते हें त्याला ठाऊक होतें. नोकरी सोडून त्यानें मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथें प्रयोग मांडले. तेलाच्या दाबाचीं यंत्रें पूर्वींपासून होतींच, परंतु त्यांत दाब सदा कोंडून ठेवावा लागे आणि मग गळती आली. डेव्हिसनें झडपेची रीतच उलटविली. चाकें सरळ असतां तेल मोकळें फिरत राहावें. हातानें सुकाणूं जरा वळवितांच झडप एका अंगानें आवळावी आणि तेवढ्यापुरता दाब उत्पन्न होऊन दट्ट्यास रेटावें. इंजिन बंद पडलें तरी हाताचा आणि चाकांचा सांधा तुटत नाहीं. मदत जाते, ताबा जात नाहीं. ही योजना त्यानें स्वतःच्या पिअर्स-ॲरो गाडीवर बसविली आणि १९२६ मध्यें डेट्रॉइटला जनरल मोटर्सपुढें चालवून दाखविली. करार झाला, परंतु मंदी आली, खर्चाचा आणि खपाचा मेळ बसेना, आणि १९३४ मध्यें कंपनीनें तो बेत सोडला. दुसऱ्या महायुद्धांत अवजड लष्करी गाड्यांना ही युक्ति उपयोगी पडली. साध्या प्रवाशाच्या हातीं ती आली १९५१ मध्यें, क्रायस्लरच्या इंपीरियल गाडींत; आणि तीही डेव्हिसच्या पेटंटांची मुदत संपल्यावर! यंत्र पंचवीस वर्षें तयार होतें; तयार नव्हता तो बाजार.

याच क्रायस्लरशीं आपल्याकडील एका कारखान्याचा संबंध होता. वालचंद हिराचंदांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें आरंभ केला तो क्रायस्लरच्या सहकार्यानें. परंतु कुर्ल्याच्या कारखान्याचें नांव घरोघर गेलें तें फियाटच्या ११०० या लहान गाडीमुळें. १९७४ पासून तिचें नांव पद्मिनी. वजन सुमारें नऊशें किलो, टायर अरुंद. इंपीरियल दोन टनांच्या घरांतील. तिला जें साह्य हवें होतें तें पद्मिनीस नव्हतें, आणि तिच्या मूळ रूपांत तें फारसें लागतही नव्हतें.

स्पोर्ट्स कारच्या शौकिनांनीं हें साह्य बराच काळ दूर ठेवलें. कॉर्व्हेटनें १९६३ मध्यें तें मागेल त्यास दिलें. पोर्शच्या ९११ मध्यें तें यावयास १९८९ उजाडलें. रस्ता सुकाणूंतून हातास कळतो, तें कळणें जाईल अशी त्यांची धास्ती. तींत तथ्य आहे. केवळ अभिमान म्हणून ती हंसण्यावारी नेऊं नये.

हा वाद माझ्या दारीं आला तो वडिलांनीं घेतलेल्या पद्मिनीमुळें. पन्नाशीनंतर माझा उजवा खांदा आखडला, आणि बाजाराच्या गल्लींत गाडी फिरवितांना दांत-ओठ खावे लागूं लागले. सुकाणूंस विजेच्या मोटरीची मदत देण्याची रीत सुझुकीनें १९८८ मध्यें सर्व्हो या छोट्या गाडींत आणली होती. अशीच यंत्रणा मोडींतल्या गाडीची काढून माझ्या गाडीस बसवावी असें मीं मिस्त्रीस सांगितलें. तो खालीं वांकून पाहूं लागला आणि म्हणाला, "सर, हे वजन कंपनीचं नाही, तुमच्या टायरचं हाय." मींच हौसेनें रुंद टायर घातले होते. खिळांचें ग्रीसही वाळलें होतें. ज्या जडपणास मी गाडीचें मूळ रूप समजून जपत होतों तो निम्मा माझाच उद्योग! अस्सल म्हणून जपलेल्या किती वस्तूंची अशीच चौकशी करावी लागेल, असें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

अरुंद टायर घातले, ग्रीस भरलें. ओझें बरेंच उतरलें, तरी खांद्यास पुरेसें नाहीं. अखेर मोटर बसविली. जुन्या डायनॅमोनें तिला वीज पुरेना, म्हणून अल्टरनेटर घालावा लागला. मदत कमी-अधिक करण्यास एक लहान खुंटी बसविली. हमरस्त्यावर ती मी अगदीं कमी ठेवतों. एक अट मात्र मीं घातली होती: मूळ गाडीस कोठेंही नवें भोंक पाडावयाचें नाहीं, जें काढाल तें पुन्हां बसलें पाहिजे. सुकाणूंचा जुना गज तेल लावून, पोत्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. त्यास कागद बांधून कोणता भाग केव्हां काढला तें मीं लिहून ठेवलें आहे.