सरपंचांचा बुलडोझर

जपानमध्ये म्हाताऱ्यांच्या सेवेचा इतिहास सांगताना बरेच जण 2000 सालापासून सुरुवात करतात. मी एका बुलडोझरपासून करेन.

इवाते प्रांतातलं सावाउची हे डोंगरातलं खेडं. हिवाळ्यात माणूस बुडेल इतका बर्फ पडायचा, रस्ते बंद व्हायचे. बर्फ, आजार आणि गरिबी हे गावाचे तीन शत्रू. म्हातारी माणसं दुखणं अंगावरच काढत. विमा असला तरी निम्मं बिल खिशातून भरायचं. शेतात राबत नाही त्याच्यावर पैसा कशाला घालवा, असं घरच्यांच्या आधी त्यांनाच वाटायचं.

1957 मध्ये फुकासावा मासाओ सरपंच झाले. त्यांनी बर्फ हटवायला बुलडोझर आणला, घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका नेमल्या. मग डिसेंबर 1960 मध्ये 65 वर्षांवरच्यांना दवाखाना फुकट केला. पुढच्या वर्षी वयाची अट 60 वर आणली आणि तान्ह्या बाळांनाही त्यात घेतलं. हे विमा कायद्यात बसत नाही, असं वरून सांगण्यात आलं. फुकासावांनी राज्यघटनेच्या 25 व्या कलमाकडे बोट दाखवलं: आरोग्यपूर्ण जीवन हा प्रत्येकाचा हक्क आहे. 1962 मध्ये गावात एकही तान्हं मूल दगावलं नाही. काही वर्षांपूर्वी हजारात 70 च्या आसपास दगावत होती.

1965 मध्ये, सरपंचपदावर असतानाच ते वारले. 1969 मध्ये टोकियोने आणि 1973 मध्ये देशाने 70 वर्षांवरच्यांचे उपचार मोफत केले.

पण देशाने उचललं ते फक्त फुकट बिल. बुलडोझर आणि आरोग्यसेविका, म्हणजे घरापर्यंत पोचणारी व्यवस्था, मागेच राहिली. मग घरी बघायला कोणी नाही म्हणून म्हातारी माणसं महिनोन् महिने इस्पितळात राहू लागली. जपानीत याला ‘सामाजिक भरती’ असा शब्दच आहे. जी घरी राहिली त्यांचं सगळं बहुतेक वेळा सुनेच्या गळ्यात. (ओळखीचं वाटतंय ना?) 1983 मध्ये सरकारने पुन्हा थोडं शुल्क लावलं. त्याच वर्षी हिगुची केइको यांनी स्त्रियांची संघटना उभारली आणि शुश्रूषा ही घरातल्या बाईची खासगी बाब नाही, हे लावून धरलं.

एप्रिल 2000 मध्ये शुश्रूषा विमा आला. चाळिशीपासून सगळ्यांनी हप्ता भरायचा, निम्मा खर्च करातून, आणि घरी मदतनीस आली तर सुरुवातीला बिलाचा फक्त दहावा भाग आपला. हा विमा चालवायचा कोणी? गावाने आणि नगरपालिकेने. सरपंचांच्या हातून वर गेलेलं काम चाळीस वर्षांनी खाली परत आलं. पण तोवर खेड्यांतली तरुण मुलं शहरात गेली होती. हप्ता भरणारे कमी आणि मदत लागणारे जास्त, असा हिशेब गावांच्या वाट्याला आला.

2005 मध्ये सावाउची आणि शेजारचं युदा एकत्र करून निशिवागा हे नवं गाव झालं.