अवयव पद्धतीची कुळकथा

महाराष्ट्रात रेवसपासून चाळीसगावपर्यंत राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात वर्गसमीकरण, म्हणजे ज्यात अज्ञात राशीचा सर्वांत मोठा घात २ असतो असे समीकरण, सोडवण्याच्या तीन रीती ओळीने येतात: अवयव पद्धती, पूर्ण वर्ग पद्धती आणि सूत्र पद्धती. हा क्रम अध्यापनाच्या दृष्टीने योग्य असला, तरी इतिहास त्याच्या उलट चालला आहे, कारण सर्वांत सोपी वाटणारी अवयव पद्धतीच तिघींत धाकटी आहे.

भास्कराचार्यांच्या १२व्या शतकातील ‘बीजगणित’ ग्रंथात वानरांचे एक सुंदर उदाहरण आहे: कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेले १२ वानर टेकडीवर आहेत, तर एकूण वानर किती? आजच्या मांडणीत हे य² − ६४य + ७६८ = ० असे होते आणि ज्यांची बेरीज ६४ व गुणाकार ७६८ अशा ४८ व १६ या संख्या सापडल्या, की विद्यार्थी मधल्या पदाची फोड करून (य − ४८)(य − १६) = ० असे लिहितो. भास्कराचार्यांची रीत मात्र मध्यमाहरणाची, म्हणजे मधले पद नाहीसे करण्याची होती: ज्ञात संख्या दुसऱ्या बाजूस नेऊन दोन्हींकडे ३२चा वर्ग मिळवला, की एकीकडे (य − ३२)² आणि दुसरीकडे २५६ राहतात. वर्गमूळ धन १६ तसेच ऋण १६ घेता येत असल्याने ४८ व १६ ही दोन्ही उत्तरे त्यांनी स्वीकारली. या रीतीचा सर्वसाधारण नियम श्रीधराचार्यांचा असून त्यांचे बीजगणित लुप्त झाले, तरी भास्कराचार्यांनी उद्धृत केल्यामुळे तो नियम वाचला, हे गणिताच्या इतिहासाचे मोठे भाग्य होय.

अवयव पाडणे भास्कराचार्यांना अपरिचित नव्हते, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. ‘भावित’, म्हणजे दोन अज्ञातांचा गुणाकार असलेल्या समीकरणांत, त्यांचे एक उदाहरण (य − ३)(र − ४) = १४ या रूपास येते आणि १४चे १ व १४ किंवा २ व ७ असे अवयव घेऊन पूर्णांक उत्तरे मिळतात. परंतु १४ अनेक प्रकारे फोडता येतात, तर गुणाकार ० असल्यास एक तरी अवयव ० असलाच पाहिजे. एकाच अज्ञाताचे समीकरण अवयवांनी सुटते ते या सक्तीमुळे, आणि त्यासाठी सर्व पदे एका बाजूस आणून दुसरीकडे शून्य ठेवावे लागते. समीकरण हा अशा द्विपदींचा गुणाकार आहे, ही दृष्टी युरोपात थॉमस हॅरियट यांच्या मरणोत्तर १६३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात व पुढे १६३७ साली देकार्त यांच्या ‘भूमिती’ या ग्रंथात रुजली. महाराष्ट्रात हे नवे बीजगणित १९व्या शतकात इंग्रजी विद्येबरोबर आले. त्या काळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे हे रेवसच्याच अलिबाग तालुक्यातील नागावचे, आणि भारतीय ज्योतिष व पाश्चात्त्य गणित या दोन्हींत त्यांची गती होती.